सशांचे अंगणातील नवे घर: खान्देशात ससे पाळणाऱ्या नवशिक्यांसाठी

पिलू लहान असते तोवर जिन्याखालच्या खोक्यातही त्याचे भागते. चार-पाच महिन्यांचे झाले की ते चार्जरच्या वायरी कुरतडू लागते, दिवाणाखाली लेंड्या टाकते, आणि मग सशांना अंगणात किंवा परसात स्वतंत्र घर करून देण्याचा विचार सुरू होतो. घर बांधून होते, जाळी लागते, हौसेने रंग दिला जातो, आणि त्याच संध्याकाळी ससे आत सोडले जातात. दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यात अंग चोरून बसलेले आढळतात, चाऱ्याला तोंड लावत नाहीत आणि घरातील मुले हिरमुसतात. माणूस एक दिवस उपाशी राहिला तर फारसे बिघडत नाही, पण सशाने अर्धा दिवस काही खाल्ले नाही तर त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते आणि पुढे ते जिवावर बेतते. म्हणून हे स्थलांतर सावकाश, क्रमाने आणि सशाच्या कलाने करावे. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत त्याच्या जोडीला उन्हाचा विचार अगदी पहिल्या दिवसापासून करावा लागतो, कारण इथे सशांना सर्वांत मोठा धोका उन्हाचाच असतो.

ससा नव्या जागी का बिचकतो

आपण पाळतो तो ससा युरोपात बिळे करून राहणाऱ्या रानसशांच्या वंशातला आहे. आपल्याकडे ज्वारीच्या शेतातून अचानक उठून पळणारा ससा वेगळ्या जातीचा असून तो बीळ करत नाही, गवतात दबून बसतो. हा रानातला ससा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे, त्यामुळे शेतात सापडलेले त्याचे पिलू घरी आणून पाळणे हा गुन्हा ठरतो. असे पिलू दिसले तर त्याला हात न लावता आहे तिथेच राहू द्यावे, कारण त्याची आई दिवसा दूर राहते आणि अंधार पडल्यावर दूध पाजायला येते.

बिळात वाढणाऱ्या प्राण्याला उघड्या जागेची भीती वाटते. पाळीव सशात ती भीती जशीच्या तशी उतरली आहे. डोक्यावर छप्पर असलेली अंधारी जागा, त्या जागेतून निसटायला दुसरी वाट आणि आपल्याच अंगाचा ओळखीचा वास या गोष्टी मिळाल्या की तो निर्धास्त होतो. ससा हनुवटीखालच्या ग्रंथींनी वस्तूंवर आपला वास लावत असतो. तो वास आपल्याला येत नाही, पण जुन्या जागेतील प्रत्येक कोपऱ्यावर तो लागलेला असतो. नव्या, नुकत्याच रंगवलेल्या घरात त्याला फक्त रंगाचा, सिमेंटचा आणि परक्या हातांचा वास येतो. पुढे सांगितलेली बहुतेक खबरदारी या एका कारणातून आली आहे.

कोणत्या महिन्यात हलवावे

सशाला १५ ते २५ अंश तापमान मानवते. पारा ३० च्या वर गेला की त्याला त्रास होऊ लागतो आणि ३५ च्या पुढे उष्माघाताचा धोका खरा होतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातील जादा उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर जाते, आणि भोवतालची हवाच अंगाइतकी तापली की तो मार्गही उपयोगी पडत नाही. खान्देशात मार्च संपतासंपता पारा ४० अंशांकडे सरकतो आणि एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगाव पट्ट्यात तो ४४-४५ अंशांवर जातो. त्यामुळे मार्च ते जून या काळात सशांना बाहेरच्या घरात प्रथमच हलवू नये. घर एप्रिलमध्ये बांधून तयार झाले तरी ससे घरातच राहू द्यावेत आणि तोवर त्या घरावर वेल चढवावा, सावली करावी, रंग व सिमेंट पूर्ण वाळू द्यावे.

माझ्या मते सर्वांत चांगला काळ तुळशीच्या लग्नानंतरचा आहे. तोवर फटाके थांबलेले असतात, ऑक्टोबरचे ऊन उतरलेले असते, आणि थंडी एकदम न येता हळूहळू वाढत जाते, त्यामुळे सशाची लवही तिच्या जोडीने दाट होत जाते. दिवाळीत किंवा दारावरून वाजतगाजत मिरवणूक जाणार असेल त्या आठवड्यात ससे हलवू नयेत. मोठ्या आवाजाने घाबरून ससा जाळीवर धडका घेतो, आणि अतिशय भ्यालेला ससा दगावूही शकतो. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा घरातल्या उबेला सरावलेल्या सशाला त्या दिवसांत थेट बाहेर ठेवणेही बरोबर नाही. पावसाळ्यात ओल आणि माश्या असतात, म्हणून तो काळही टाळलेला बरा.

घर कसे असावे

जागा निवडताना पश्चिमेचा विचार आधी करावा. दुपारचे ऊन, उन्हाळ्यातील झळा आणि पावसाचा झोड बहुतेक त्याच बाजूने येतो, म्हणून पश्चिम व दक्षिण या बाजू भिंतीने बंद असाव्यात आणि जाळीची बाजू उत्तरेला किंवा पूर्वेला ठेवावी. निंबाच्या झाडाखालची जागा मिळाली तर उत्तम. गच्चीवर घर करण्याचा मोह अनेकांना होतो, पण आपल्याकडील स्लॅब दिवसभर तापून मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे गच्ची सशांसाठी योग्य नाही. गोठ्याला लागून घर केल्यास माश्यांचा त्रास वाढतो, आणि कुत्रा जिथे बांधला जातो तिथून सशाला तो सतत दिसत असेल तर ससा कधीच निवांत होत नाही.

दोन सशांसाठी साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच एवढी जागा किमान धरावी. सशाला सलग काही उड्या मारता आल्या पाहिजेत, आडवे पसरता आले पाहिजे आणि मागच्या पायांवर उभे राहिल्यावर कान छताला टेकता कामा नयेत. या जागेतच एका टोकाला चार फूट बाय दोन फुटांची, तीन बाजूंनी बंद अशी निजण्याची खोली असावी. बाजारात मिळणारे छोटे पिंजरे फक्त ने-आण करण्यापुरते वापरावेत.

जमिनीच्या बाबतीत खान्देशातील काळी माती स्वतःच्या अडचणी घेऊन येते. पावसाळ्यात ती फुगून चिखल धरते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून उंदीर आणि त्यांच्यामागे साप वावरतात. म्हणून घर थेट काळ्या मातीवर न उभारता मुरूम ठोकून फूटभर उंच चौथरा करावा, त्यावर फरशी बसवावी, पाणी वाहून जाईल असा किंचित उतार द्यावा, आणि अर्ध्या भागावर कोरड्या गवताचा जाड थर पसरावा. जाळीची जमीन कधीही करू नये. कुत्र्या-मांजरांच्या पंजांना असते तशी मऊ गादी सशाच्या तळव्यांना नसते, तिथे केवळ केस असतात, आणि तारेवर सतत बसल्याने तळव्यांना जखमा होतात. उकरण्याची हौस भागवायला एका पसरट टोपलीत किंवा जुन्या घमेल्यात कोरडी माती भरून ठेवली तर ससे तिथे मनसोक्त उकरतात आणि जाळीच्या कडेला भोके पाडत नाहीत.

जाळी वेल्डेड आणि अर्ध्या इंचाच्या घराची घ्यावी. कोंबड्यांसाठी वापरतात ती षटकोनी तारेची जाळी कुत्रा दातांनी फाडतो, आणि इंचभराच्या घरातून उंदीर व लहान साप सहज आत शिरतात. चौथरा नसेल तर जाळी जमिनीत दीड फूट गाडावी, कारण घूस आणि मुंगूस दोन्ही खालून वाट काढतात. वरची बाजूही बंद हवी, कारण बोका भिंतीवरून आणि घार आकाशातून येते. दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या लावाव्यात; एकच कडी असली की तिच्याखालचा कोपरा ढकलून कुत्रा आत तोंड घालतो.

छपराला नुसता पत्रा घालू नये. पत्रा स्वस्त आणि टिकाऊ असला तरी एप्रिलमध्ये त्याखाली हात धरवत नाही. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत भर मे महिन्यातही गारवा टिकतो तो माथ्यावरील मातीच्या जाड थरामुळे. हेच तत्त्व इथे लहान प्रमाणात वापरता येते. पत्रा घातलाच असेल तर त्याच्यावर तुराट्यांचा किंवा उसाच्या पाचटाचा वीतभर थर द्यावा, आणि पत्र्याच्या खाली चार-सहा इंच मोकळी जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचे दुसरे छत करावे, म्हणजे मधली तापलेली हवा बाजूने निघून जाते. शेतात पऱ्हाट्या मुबलक असतात, पण त्यांच्यावर फवारणीचे अंश राहिलेले असू शकतात, म्हणून त्या वापरायच्या तर सशाचे तोंड पोहोचणार नाही अशा उंचीवरच वापराव्यात.

लपण्यासाठी पुठ्ठ्याचा किंवा लाकडी खोका पुरतो, मात्र त्याला समोरासमोर दोन दारे पाडावीत. एकच दार असले तर दांडगा ससा दारात बसून दुसऱ्याला कोंडून ठेवतो. खोक्याच्या जोडीला मातीचा माठ ठेवावा असा माझा आग्रह आहे. तडा गेलेला, पाण्याच्या उपयोगाचा न राहिलेला मोठा माठ आडवा करून, त्याचे तोंड पुरेसे मोठे करून, धार कानशीने घासून बोथट केली आणि तो अर्धा वाळूत रुतवला की सशाला बिळासारखी जागा मिळते. उन्हाळ्यात हा माठ बाहेरून भिजवला की आत गारवा राहतो. भर दुपारी अशा माठात हात घातला तर बाहेरच्या हवेतला आणि आतल्या हवेतला फरक लगेच जाणवतो, आणि पोट मातीला टेकवून लांबट पसरलेला ससा त्या स्पर्शाने जागचा हलतही नाही.

हलवण्याआधीचा आठवडा

नव्या घरातील खोका आणि माठ आधी आठवडाभर सशांच्या जुन्या जागेत ठेवावा. ससे त्यात ये-जा करतात, हनुवटी घासतात, आणि त्या वस्तूंना त्यांचा वास लागतो. याच आठवड्यात त्यांना रोज संध्याकाळी ने-आण करायच्या पिंजऱ्यात ठेवून थोडा वेळ नव्या घराजवळ न्यावे, म्हणजे बाहेरची हवा, पाखरांचे आवाज आणि रस्त्यावरचा कोलाहल त्यांच्या कानावर पडतो. नव्या जागेतील फरशी फिनेलने धुऊ नये. साध्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी. सशांची नखे, कान आणि शेपटीखालचा भाग तपासून घ्यावा आणि घरातील काट्यावर वजन करून ते वहीत लिहून ठेवावे. पुढे दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन केले की ससा खाताना दिसत असूनही खंगतो आहे का, हे डोळ्यांआधी आकड्यांतून कळते.

या काळात चारा मुळीच बदलू नये. नवी जागा आणि नवा चारा हे दोन्ही एकाच वेळी आले तर पोट बिघडते आणि नेमके कशाने बिघडले हेही समजत नाही.

हलवण्याचा दिवस

घरात दिवसभर कोणीतरी असेल असा दिवस निवडावा आणि सकाळी ऊन कोवळे असताना ससे हलवावेत. सशाला कानांनी उचलण्याची पद्धत अजूनही पाहायला मिळते, ती पूर्णपणे सोडून द्यावी. एक हात छातीखाली आणि दुसरा हात मागच्या भागाखाली देऊन त्याला आपल्या अंगाशी धरावे; अधांतरी लटकलेल्या सशाने जोरात लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडू शकतो. शक्यतो हातात न घेता खोक्यात बसवूनच न्यावे.

जुन्या जागेतील न धुतलेले अंथरूण, मूठभर लेंड्या आणि लघवीने भिजलेले थोडे गवत सोबत न्यावे. अंथरूण निजण्याच्या खोलीत पसरावे आणि लेंड्या व भिजलेले गवत ज्या कोपऱ्यात त्यांनी विधी करावा असे वाटते तिथे ठेवावे. ससे त्या कोपऱ्याचा वास ओळखून बहुधा तीच जागा धरतात. त्यानंतर ज्या खोक्यातून ते आले तो खोका निजण्याच्या खोलीत ठेवून त्याचे तोंड उघडावे आणि आपण मागे सरावे. त्यांना ओढून बाहेर काढू नये आणि खोका वाकडा करून ओतूही नये. बाहेर यायला काहींना पाच मिनिटे लागतात, काहींना अर्धा दिवस लागतो. जोडी असेल तर दोघांना एकाच वेळी न्यावे. एकाला आधी नेऊन दुसऱ्याला नंतर आणले तर पहिला ती जागा आपली समजून दुसऱ्याला हाकलू लागतो.

शेजारची मुले पाहायला येणारच. त्यांना त्या दिवशी लांबूनच दाखवावे आणि चार दिवसांनी खाऊ घालायला बोलवावे.

पहिले तीन दिवस

सुरुवातीला पूर्ण जागा देऊ नये. निजण्याची खोली आणि तिच्यापुढची तीन-चार फुटांची जागा एवढेच मोकळे ठेवून उरलेला भाग प्लायच्या फळीने अडवावा. जाळीच्या दोन बाजूंवर गोणपाट टाकावे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची सावली त्यांच्या अंगावर पडत नाही. पाणी जड मातीच्या परळात द्यावे. बाटलीची सवय असेल तर बाटलीही लावावी. चारा लपण्याच्या जागेच्या अगदी तोंडाशी ठेवावा, कारण घाबरलेला ससा उघड्यावरून चालत जाऊन खात नाही.

या दिवसांत आपले मुख्य काम निरीक्षणाचे असते आणि त्यात सर्वांत जास्त माहिती लेंड्या देतात. धडधाकट ससा दिवसाकाठी दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. त्या गोल, एकसारख्या आकाराच्या, कोरड्या आणि चुरल्यास आतून गवताच्या काड्या दिसणाऱ्या असतात. लेंड्या लहान व टणक होऊ लागल्या तर खाणे कमी पडते आहे असे समजावे. रात्री किंवा पहाटे ससा मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या थेट गुदद्वारातून खातो. ते पाहून नवशिके घाबरतात, पण त्यातून त्याला जीवनसत्त्वे आणि प्रथिने मिळतात, म्हणून त्याला अडवू नये. सशाने १० ते १२ तास काहीही खाल्ले नाही किंवा एकही लेंडी टाकली नाही, तर त्याला एकांत देऊन वाट पाहणे थांबवावे आणि पशुवैद्यकांना गाठावे.

पहिल्या रात्री तो मागचा पाय जमिनीवर जोरात आपटेल. हा धोक्याचा इशारा असतो. दिवा घेऊन बाहेर जाऊन पाहावे; बहुतेक वेळा भिंतीवर बोका असतो किंवा कोपऱ्यात घुशीने उकरायला सुरुवात केलेली असते. रात्री ससे निजण्याच्या खोलीत बंद ठेवावेत आणि सकाळी उजाडल्यावर सोडावेत, कारण कुत्री आणि बोके यांचा बराचसा उपद्रव रात्री व पहाटेच होतो. ससे स्वतः पहाटे व संध्याकाळी जास्त हालचाल करतात आणि दुपारी पडून राहतात, त्यामुळे दुपारी ते निपचित दिसले म्हणून लगेच काळजी करू नये. संध्याकाळी उठून चाऱ्याकडे येतात का, हे पाहावे.

हळूहळू जागा वाढवणे

ससे चारा पूर्वीइतकाच खाऊ लागले, लेंड्या नेहमीसारख्या दिसू लागल्या आणि माणूस जवळ आला तरी आत पळेनासे झाले, की प्लायची फळी थोडी पुढे सरकवावी. दिवस मोजून फळी हलवू नये. काही जोड्या चौथ्या दिवशी तयार असतात, तर काहींना दोन आठवडे लागतात, आणि लहानपणी कुत्र्याने घाबरवलेला ससा महिनाही घेतो. प्रत्येक वेळी जागा वाढवताना नव्या भागात आधी लपायला एक खोका ठेवावा.

नव्या भागात ससा कसा शिरतो हे पाहण्यासारखे असते. तो मागचे पाय जुन्या जागेत रोवून पुढचे अंग लांबवतो, मान ताणतो, नाक झपाझप हलवतो आणि काही कारण नसताना धूम ठोकून मागे येतो. असे पाच-सहा वेळा होते. मग तो सबंध अंगानिशी पुढे जातो, पहिल्या विटेच्या कोपऱ्याशी थांबतो आणि हनुवटी त्यावर दोनदा-तीनदा हलकेच घासतो. ही हनुवटी घासणे सुरू झाले की ती जागा त्याने आपली म्हणून धरली असे खुशाल समजावे. पुढे तो हवेत उडी मारून अंग पिळतो किंवा एकदम कुशीवर आडवा पडतो. आडवे पडणे पाहून काही जण घाबरतात, पण ते निश्चिंतपणाचे लक्षण असते.

या दिवसांत आपण आत जाऊन जमिनीवर बसावे आणि काही न करता बसून राहावे. हात पुढे करून पकडायला जाऊ नये. ससा आपण होऊन पायाचा वास घ्यायला येतो, मग त्याच्या कपाळावरून बोट फिरवावे. दातांचा मंद कटकट आवाज आला तर त्याला बरे वाटते आहे. मोठा, कचकच आवाज आणि त्यासोबत अंग आवळून बसणे हे दुखण्याचे लक्षण आहे.

सोबती

ससा एकटा ठेवू नये. त्याला आपल्या जातीची सोबत लागते. मात्र खच्ची न केलेले दोन नर वयात आले की रक्त निघेपर्यंत भांडतात. नर आणि मादी एकत्र ठेवले तर ३१ दिवसांच्या आसपास पिल्ले होतात आणि व्यायल्यानंतर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे वर्षभरात घर अपुरे पडते. नराचे खच्चीकरण करून त्याला मादीबरोबर ठेवणे हा सर्वांत सुखाचा मेळ आहे. ही शस्त्रक्रिया सशांवर पूर्वी केली आहे का, हे पशुवैद्यकांना आधी विचारून घ्यावे. शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे नराला मादीपासून वेगळे ठेवावे लागते. नव्या घरात आल्यावर जुन्या जोडीतही चार-दोन दिवस पाठलाग आणि केस उपटणे चालते. चावे घेतले जात नसतील तर मध्ये पडू नये.

काय खायला द्यावे

सशाच्या आहाराचा ८० टक्क्यांहून अधिक भाग सुके गवत असावा. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात. मारवेल, पवन्या किंवा हरळी कापून सावलीत वाळवलेले गवत चांगले असते. ज्वारीच्या कडब्याची सुकी पाने वरकड म्हणून चालतात, पण ज्वारीचे कोवळे हिरवे पोंगे देऊ नयेत. कोवळ्या ज्वारीने गुरांना जी विषबाधा होते, म्हणजे किराळ लागते, ती सशालाही होऊ शकते. लसूणघास वाढत्या पिलांना द्यावा, मोठ्या सशांना क्वचित द्यावा, कारण त्यातील कॅल्शियमचे प्रमाण त्यांना जास्त होते.

हिरव्या पाल्यात कोथिंबीर, मेथी आणि मुळ्याचा पाला द्यावा, तोही धुऊन. कपाशीच्या किंवा केळीच्या शेताच्या बांधावरचे गवत कितीही कोवळे असले तरी आणू नये, कारण फवारणीचे औषध वाऱ्याने बांधावर येते आणि गवतावर राहते. रावेर-यावल भागात केळी घरोघरी असतात आणि सशांना ती फार आवडतात, पण आठवड्यातून एक-दोनदा बोटभर जाडीची चकती पुरे. त्यातील साखरेने पोट फुगते. भाकरी कळण्याची असो की बाजरीची, ती सशाला देऊ नये. गोठ्यात सरकी पेंड असते म्हणून तीही घालू नये, कारण सरकीतील गॉसिपॉल हा घटक रवंथ न करणाऱ्या प्राण्यांना बाधतो. कांदा, लसूण, बटाट्याचा, टोमॅटोचा आणि वांग्याचा पाला, कण्हेर, रुई, धोतरा, घाणेरी आणि एरंड ही सर्व झाडे घराच्या आसपासही नसावीत.

पहिला उन्हाळा

हिवाळ्यात रुळलेल्या सशांची खरी परीक्षा मार्चनंतर सुरू होते. बाहेरचे घर कितीही चांगले केले तरी ४२ अंशांच्या वरच्या दिवसांत सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळेत ससे घरातल्या गार खोलीत आणावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी ने-आण करायच्या पिंजऱ्याची सवय हिवाळ्यातच लावून ठेवावी आणि घरातील कोपराही ठरवून ठेवावा, म्हणजे रोजची ये-जा त्यांना जाचत नाही.

जे बाहेरच ठेवतात त्यांनी जाळीवर ओले गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा सोडावा आणि तो दर तासाला भिजवावा. पण हवा खेळती नसेल तर आत दमटपणा कोंडून उलटा त्रास होतो, म्हणून एक बाजू नेहमी उघडी असावी. पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून, फडक्यात गुंडाळून दुपारी आत ठेवाव्यात. ससे त्यांना पाठ टेकून बसतात. पाण्याची दोन भांडी ठेवावीत आणि दुपारी एकदा पाणी बदलावे, कारण तापलेले पाणी ससा पीत नाही. वीज जाते हे गृहीत धरून फक्त पंख्याच्या किंवा कूलरच्या भरवशावर त्यांना सोडून गावाला जाऊ नये.

कान तापून लाल होणे, तोंड उघडून धापा टाकणे, तोंडाभोवती ओल येणे, पाय ताणून निपचित पडणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी त्याला ताबडतोब सावलीत आणून साध्या पाण्याने कान ओले करावेत आणि पायही भिजवावेत. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. त्या धक्क्याने तो दगावू शकतो. पाणी तोंडात ओतू नये, ते फुप्फुसात जाते. शुद्धीवर आला तरी डॉक्टरांना दाखवावे.

पावसाळा आणि थंडी

पावसाळ्यात अंथरूण रोज बदलावे आणि रोज संध्याकाळी सशाची शेपटी उचलून पाहावी. तिथे लेंडी चिकटलेली किंवा केस ओले असतील तर माशी अंडी घालते, एका दिवसात त्यातून अळ्या निघतात आणि त्या जिवंत कातडी पोखरतात. अळी दिसली तर घरी उपाय करत बसू नये. ओलसर जागेत पिलांना कॉक्सिडिया या जंतूंमुळे जुलाब होतात, म्हणून चारा जमिनीवर न टाकता टांगलेल्या जाळीत द्यावा.

थंडीत निजण्याच्या खोलीत गवताचा थर दुप्पट करावा आणि रात्री जाळीवर तागाचे पोते सोडावे. कोरड्या आणि वाऱ्यापासून आडोसा असलेल्या जागेत ससे आपली थंडी सहज काढतात.

पशुवैद्यक

आपल्याकडील पशुवैद्यकीय दवाखान्यांत गाय, म्हैस आणि शेळी यांचे रुग्ण जास्त येतात, त्यामुळे सशांवर उपचार करणारे डॉक्टर कोण, याची चौकशी ससे बाहेर हलवण्याआधीच करून ठेवावी आणि त्यांचा फोन नंबर घरातील सर्वांना माहीत असावा. कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरले जाणारे फिप्रोनिल हे औषध सशाला घातक ठरते, आणि पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास त्याच्या आतड्यांतील उपयुक्त जंतू मरून तो दगावतो. मेडिकलमधून आपल्या मनाने काहीही आणून देऊ नये. खरूज झाली, म्हणजे नाकाच्या किंवा कानाच्या कडेला पांढरट खपल्या दिसू लागल्या, तर त्यावरही डॉक्टरांनीच वजनानुसार औषध ठरवावे, त्यासाठी वजनाची वही सोबत न्यावी. दवाखान्यात जाताना उन्हाची वेळ टाळावी, पिंजऱ्यात जुने अंथरूण घालावे आणि आजारी सशाबरोबर त्याचा जोडीदारही न्यावा, कारण परका वास घेऊन एकटा परतलेला ससा जोडीदाराला ओळखू येत नाही आणि घरी येताच दोघे भांडतात.